आठ दशांश मध

काटा म्हटले की तुम्ही आधी आपल्या तळपायाकडे बघाल. बघू नका, मित्रांनो. मी तोलायचा काटा आहे. माझे वय झाले आहे, रंग उडाला आहे, पण अजून मी खरे तेच दाखवतो. आयुष्यात एकदाच खोटे दाखवले. ते कसे, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचा पाया, त्यावर हिरवा रंग, वर खाचा पाडलेली दांडी, आणि खाचांवरून सरकणारी दोन वजने, एक थोरले आणि एक धाकटे. दांडीच्या पोटाला सुरीसारखी धार आहे. ती अकीक दगडाच्या खोबणीत टेकते आणि त्या धारेवर मी झुलतो. एका टोकाला पारडे, दुसऱ्या टोकाला सुई. पारडे इतके लहान की त्यात तुमच्या घरची सुपारीसुद्धा जेमतेम बसेल.

किलो आणि शेर ही माझी भाषा नव्हे. मी ग्रेन तोलतो. सोनाराची गुंज तुम्हाला ठाऊक असेल तर तिचा साधारण निम्मा म्हणजे एक ग्रेन. त्या ग्रेनचाही दहावा हिस्सा मी दाखवतो. पारड्यात माशी बसली तर मी तिचेही वजन सांगेन. मात्र आजवर कोणत्याही माशीने मला ते विचारलेले नाही.

माझा मालक हॅल्वर स्टेन्सरूड. मोंटानातल्या विलो फोर्क गावचा टपालवाला. टपालवाला असल्यामुळे त्याला तोलायची सवय होतीच, पण त्याचे खरे वेड बंदुकीचे होते. तो काडतुसे विकत घेत नसे, घरी भरत असे. काडतूस म्हणजे एक पितळी नळी. तिच्या बुडाला ठिणगी देणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडात गोळी. बार उडाला की गोळी जाते, नळी मागे राहते. राहिलेली नळी टाकून देणे हॅल्वरच्या जिवावर येई. तो ती धुई, पुन्हा टोपी बसवी, दारू भरी, आणि मग नळीच्या तोंडात नवी गोळी घाली. ही गोळी कोणती घालायची, यावर त्याचे अर्धे आयुष्य गेले.

मी या घरात येण्यापूर्वी तो गोळ्या तोलायला औषधाच्या दुकानात जात असे. दुकानदार बिचारा रोग्यांच्या पुड्या तोलायचा, आणि रांगेत खिसाभर शिसे घेऊन हा उभा. एक दिवस एका म्हातारीच्या खोकल्याच्या औषधात हॅल्वरचा एक नग गेला. म्हातारीने तो दोन दिवस चघळला आणि परत आणून दिला. म्हणाली, "खोकला थांबला, पण हे काही विरघळत नाही." त्याच संध्याकाळी दुकानदाराने हॅल्वरच्या बायकोला फोन केला, आणि पुढच्या लग्नाच्या वाढदिवसाला मी त्या घरात आलो.

झोरा माझी मालकीण. तीस वर्षे तिने शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांचे जेवण रांधले. तिने कधीही काही तोललेले मी पाहिले नाही. मीठ चिमटीने, पीठ मुठीने, साखर डोळ्याने. आणि तिच्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिचा नवरा नाकावर चष्मा ठेवून मला विचारत बसे, "एकशे ऐंशी की एकशे ऐंशी आणि एक दशांश?" बाहेरच्या गॅरेजमध्ये हिवाळ्यात हाताची बोटे गोठतात, म्हणून मी स्वयंपाकघरात राहत असे. हे लक्षात ठेवा.

माझे तरुणपण फार मानाचे गेले. हॅल्वर नव्या डब्यातली एकेक गोळी माझ्या पारड्यात ठेवी आणि वजनाप्रमाणे झोराच्या केकच्या ताटलीतल्या बारा खळग्यांत वाटून टाकी. मग ती गोळी आरशाच्या काचेवरून घरंगळवून बघी, लटपटते का ते. लटपटली तर ती मेव्हण्याला, म्हणजे झोराच्या धाकट्या भावाला, रूडीला. सरळ गेली तर वहीत नोंद. वहीत तारीख, वारा, थंडी, गोळीचे वजन, शंभर वारांवरच्या कागदावर पाच गोळ्या किती जवळ बसल्या, सारे काही. रूडीच्या पिस्तुलाची काडतुसेही तोच भरून देई, आणि तीही तोलून. रूडी ती घराच्या मागे डब्यांवर मारत असे. पाहुणे आले की हॅल्वर मला पुढे करी. "हा माझा काटा. बँकेपेक्षा खरा." ऐकून मी उगाच थोडा झुलत असे.

आता त्या वर्षाकडे येतो.

मूस हे बैलापेक्षा मोठे, लांब नाकाचे, दलदलीत राहणारे हरीण. आमच्याकडे ते कुणीही मारू शकत नाही. उन्हाळ्यात सरकारकडे अर्ज करायचा, सोडत निघते, आणि हजारांत एखाद्याच्या नावाने परवाना येतो. परवाना एका मुसाचा, एकाच मोसमाचा. हॅल्वर सव्वीस वर्षे अर्ज करत होता. सव्वीस वर्षे त्याला "क्षमस्व" म्हणून कार्ड येत होते. त्या वर्षी अर्जाचा एक कागद जास्तीचा उरला म्हणून झोराने आपले नाव घालून तो पाठवला.

तिचा नंबर लागला.

त्या दिवशी रूडी आला तो हसतच. "दाजी, ऐकलं ते खरं का? सव्वीस वर्षं देवळाबाहेर तुम्ही बसलात आणि प्रसाद ताईला?"

"अर्ज मीच पोस्टात टाकला होता," हॅल्वर म्हणाला.

"मग नशीब तिकिटाला चिकटलं असेल. चाटलं कुणी होतं?"

"मी," झोरा म्हणाली. "आणि आता दोघांनी तोंडं मिटा. बाबांची रायफल माळ्यावर आहे. ती खाली काढा."

ती रायफल तिच्या वडिलांची. ते ब्यूटच्या तांब्याच्या खाणीत होते आणि रविवारी शिकारीला जात. हॅल्वरने ती पुसली, नळीतून प्रकाशाकडे पाहिले, आणि त्याच्या चेहऱ्यावर मला तो ओळखीचा आनंद दिसला. मूस बायकोचा असेल, पण गोळी तर नवऱ्याने निवडायची होती! प्रत्येक बंदुकीला आपापली गोळी आवडते. दुसऱ्या बंदुकीत शहाण्यासारखी वागणारी गोळी हिच्यात वेड्यासारखी वागेल. म्हणजे सगळे पहिल्यापासून.

त्याने चार जातींच्या गोळ्या आणल्या. चारही एकशे ऐंशी ग्रेनच्या. पहिली टोकदार, दुसरी कडक, तिसरी मऊ नाकाची, चौथी तांब्याच्या जाड सालीची. आणि परीक्षा सुरू झाली. कागदावर नेम हा पहिला भाग. दुसरा भाग त्याहून घरगुती. जनावराच्या अंगात गोळी कशी वागेल हे बघायला ओल्या कागदात गोळी मारतात. हॅल्वर रद्दी धुण्याच्या टबात रात्रभर भिजत घाली, सकाळी तिचे गठ्ठे बांधून माळावर नेई, गोळ्या झाडी, मग लगद्यातून त्या उकरून काढी आणि माझ्यावर तोली. चांगली गोळी आत गेल्यावर छत्रीसारखी उघडते, पण फुटत नाही, आणि आपले बरेचसे वजन राखते.

घरातली रद्दी महिन्याभरात संपली. मग शेजाऱ्यांची संपली.

"हॅल्वर, फोनची डिरेक्टरी कुठे आहे?"

"का?"

"का म्हणजे? दातवाल्याला फोन करायचाय."

"ती ओली आहे."

"मागच्या वर्षीची दे."

"ती जरा... आरपार गेली आहे."

झोराने पदर खोचल्यासारखा एप्रन खोचला आणि दातवाल्याकडे चालत गेली.

पहिल्या जातीची गोळी ओल्या कागदात चिंध्या होऊन बाहेर आली. दुसरी आरपार गेली पण उघडलीच नाही, जशी आत गेली तशीच बाहेर. तिसरी सुरेख उघडली, पण कागदावर पाच गोळ्या पाच दिशांना; जणू भाऊबंदांत वाटणी झाली होती. सप्टेंबर गेला. मोसम उघडून तीन आठवडे झाले. उरली चौथी.

चौथ्या जातीचा शंभर गोळ्यांचा डबा हॅल्वरने एका शनिवारी उघडला. त्याच दिवशी झोरा पोवितिका करत होती. अक्रोड आणि मध भरून गुंडाळलेला हा गोड पाव तिच्या माहेरी सणासुदीला करतात. टेबलाच्या एका टोकाला अक्रोड, दुसऱ्या टोकाला शिसे.

पन्नास गोळ्या झाल्या. सगळ्या एकशे ऐंशी, फार तर एखादा दशांश इकडेतिकडे. हॅल्वर शीळ घालत होता. इतक्यात फोन वाजला. त्याने माझे पारडे काढून टेबलावर ठेवले आणि फोन घ्यायला गेला. ठेवले ते नेमके मधाच्या थेंबावर.

मला कळले, मित्रांनो. ते थंडगार चिकट काहीतरी माझ्या पारड्याच्या बुडाला लागले ते मला त्याच क्षणी कळले. पण काट्याला तोंड नसते, सुई असते. हॅल्वर परत आला, त्याने पारडे अडकवले आणि एक्कावन्नावी गोळी ठेवली. मी म्हणालो, एकशे ऐंशी आणि आठ दशांश. बावन्नावी, तेच. साठावी, तेच. हॅल्वरची शीळ थांबली. शंभरावी गोळी तोलून होईपर्यंत त्याचे कान लाल झाले होते.

"झोरा! हे बघ! अर्धा डबा एक वजनाचा आणि अर्धा दुसऱ्या! कंपनीने दोन घाणे एकत्र केलेत!"

"किती फरक आहे?"

"आठ दशांश ग्रेन!"

"म्हणजे किती?"

हॅल्वरने टेबलावरचा अक्रोडाचा एक कण बोटावर उचलून दाखवला. झोराने तो त्याच्या बोटावरून उचलला आणि सारणात टाकला. "झालं," ती म्हणाली.

पण झाले नव्हते. त्याने त्या रात्री कंपनीला तीन पानी पत्र लिहिले. एकोणतीस वर्षांच्या विश्वासाचा तुम्ही घात केला आहे, असे त्यात एक वाक्य होते. सोबत पुरावा म्हणून त्या जड अर्ध्यातल्या पाच गोळ्या घातल्या. उरलेल्या पंचेचाळीस त्याने पिशवीत भरून रूडीला दिल्या. रूडीपाशीही सासऱ्यांच्या रायफलच्याच मापाची, थर्टी-ओ-सिक्स रायफल होती, आणि डबे फोडायला दशांश लागत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी सुई शून्यावर नव्हती. हॅल्वरने पायाचा स्क्रू फिरवून मला शून्यावर आणले आणि पुटपुटला, "थंडी पडायला लागली." माझे खोटे तिथेच गाडले गेले.

आता गंमत बघा. पहिल्या अर्ध्यातल्या पन्नास गोळ्या त्या रायफलला फारच आवडल्या. शंभर वारांवर पाच गोळ्या सदऱ्याच्या बटणाखाली झाकतील अशा बसल्या. ओल्या कागदात छत्रीसारख्या उघडल्या, एकशे ऐंशीतल्या एकशे साठ ग्रेन राखून परत आल्या. हीच ती गोळी! मग हॅल्वरने खात्री करण्यासाठी पुन्हा पाच मारल्या. थंडीत पाच मारल्या. वाऱ्यात पाच मारल्या. नळी गरम असताना आणि नळी गार असताना. उभ्याने, बसून, झाडाला टेकून. ऑक्टोबर संपता संपता खात्री पूर्ण झाली आणि गोळ्याही संपल्या.

तो दुकानात गेला आणि टोपी हातात घेऊन परत आला. त्या जातीचा डबा शिल्लक नव्हता. कंपनीकडून नवा माल नव्या वर्षानंतर येणार होता. मूस मारायची मुदत नोव्हेंबरात, टर्की पक्षी भाजून खायच्या सणानंतरच्या रविवारी संपत होती.

झोरा पोळपाटासारख्या लाकडी फळीवर कणीक मळत होती. तिने मळणे थांबवले नाही.

"दुकानात तयार काडतुसं मिळतात की नाही? लाल डब्यात वीस. रूडी तीच मारतो, आणि रूडीचा फ्रीजर भरलेला असतो."

"कुठली गोळी असते त्यात, काय भरवसा?"

"हॅल्वर, मी एकसष्ट वर्षांची आहे. माझा हा गुडघा बोलतो आणि तो ऐकतो. पुन्हा माझा नंबर लागेल तेव्हा मला मूस दाखवायला पाळण्यात घालून न्यावं लागेल. मला परवा जायचंय. लाल डबा घेऊन ये."

तेव्हा हॅल्वर खुर्चीवर बसला. माझ्या धाकट्या वजनाशी बोटाने चाळा करत तो बोलू लागला. लग्नाच्या आधी त्याने एका एल्कला, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या हरणाला, गोळी मारली होती. दुकानातली, जी मिळाली ती. गोळी खांद्याच्या हाडावर फुटली. एल्क पळाला. हॅल्वर दोन दिवस बर्फात रक्ताच्या मागे चालला. तिसऱ्या दिवशी पुन्हा बर्फ पडला आणि खुणा बुजल्या.

"तो कुठेतरी मेला असणार, पण लगेच नाही," हॅल्वर म्हणाला. "म्हणून मी तोलतो."

चौतीस वर्षांच्या संसारात हे तिने पहिल्यांदा ऐकले होते. तिने कणीक उलटी केली आणि पुन्हा मळायला घेतली.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "तुझीच गोळी. पण मोसम संपायच्या आत. संपला तर मी तुला भिजत घालीन."

नोव्हेंबरभर हॅल्वरने फोन केले. चार तालुके पालथे घातले. ती गोळी कुठेच नव्हती. सणाच्या आदल्या दिवशी, बुधवारी, कंपनीचे उत्तर आले. हॅल्वरने ते मोठ्याने वाचले आणि वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला.

"आपल्या पाचही गोळ्या आम्ही तीन काट्यांवर तोलल्या. पाचही एकशे ऐंशी ग्रेनच्या आहेत. त्या परत पाठवत आहोत. आपल्या पत्राच्या दुसऱ्या पानावर एक चिकट डाग आहे. आमच्या कचेरीतल्या बाईंच्या मते तो मध असावा. कृपया पारड्याची खालची बाजू तपासावी."

झोराने माझे पारडे उलटे केले. मध वाळून काचेसारखा झाला होता. तिने तो नखाने उचकटला, जिभेवर ठेवला आणि म्हणाली, "हे बघ तुझे आठ दशांश. गोड आहेत."

हॅल्वर हसला नाही. त्याने माझ्याकडे असे पाहिले की कारखान्याच्या भट्टीतही मला तितका चटका बसला नव्हता. त्याने मला उचलले आणि लोणच्याच्या बरण्यांमागे ठेवून दिले. एकोणतीस वर्षांची चाकरी, आणि एका थेंबाने मी बरण्यांमागे! मी तिथून बरणीतल्या काकड्यांच्या फटीतून बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सणाच्या जेवणाला रूडी आला. आल्या आल्या हॅल्वरने त्याला दारातच धरले.

"रूडी, त्या पंचेचाळीस गोळ्या."

"कुठल्या? त्या जड?"

"जड नव्हत्या. किती उरल्यात?"

"अहो दाजी, तुम्हीच म्हणालात ना, भिकार आहेत, डब्यांवर मार."

"रूडी, किती?"

रूडीने बोटे मोजल्यासारखे केले. "भरल्या आणि मारल्या. डब्यांवर वीस. भोपळ्यांवर पंधरा. जुन्या धुलाई यंत्रावर आठ. छान गोळी आहे हो! यंत्राच्या दारात तीन गोळ्या एका भोकात!"

"म्हणजे दोन उरल्या," झोरा म्हणाली.

"आणि परत आलेल्या पाच. सात," हॅल्वर म्हणाला, आणि टर्की तशीच टाकून उठला.

रूडीने येताना विजेवर चालणारा नवा काटा भेट म्हणून आणला होता. आकडे लाल दिव्यात उमटत. हॅल्वरने त्यावर पहिली गोळी ठेवली. एकशे ऐंशी. इतक्यात फ्रीज घरघरू लागला आणि आकडा एकशे ऐंशी आणि चार दशांश झाला. फ्रीज बंद केला. मग झोराने दिवा लावला. एकशे एकोणऐंशी आणि सहा दशांश. रूडी जवळ येऊन उभा राहिला, तर नुसत्या त्याच्या येण्याने दोन दशांश वाढले.

"माझा प्रभाव आहे," रूडी म्हणाला.

"तुझं पोट आहे," झोरा म्हणाली. तिने बरण्या बाजूला सारून मला बाहेर काढले, कोमट पाण्यात माझे पारडे धुतले आणि स्वच्छ फडक्याने पुसले. जन्मात पहिल्यांदा मला कुणी अंघोळ घातली. मग तिने मला नवऱ्यासमोर ठेवले. "याचा काय दोष? मध मी सांडला, पारडं तू ठेवलंस. विचार याला."

हॅल्वरने मला शून्यावर आणले. या वेळी त्याने स्क्रू सावकाश फिरवला. सातही गोळ्या मी तोलल्या. सातही एकशे ऐंशी. त्याने त्याच रात्री सात काडतुसे भरली.

शुक्रवारी माळावर काय झाले ते मला रूडीच्या तोंडून कळले. रायफलवरची दुर्बीण ठीक बसली आहे का हे बघायला हॅल्वरने झोराला एक गोळी मारायला लावली. बरोबर मध्ये. मग आणखी एक. पहिलीला खेटून. तिसरी त्या दोघींना खेटून. तेव्हा तो म्हणाला, "आता एकच. खात्रीसाठी."

झोरा काडतुसांच्या डब्यावर बसली.

"उठ," हॅल्वर म्हणाला.

"नाही उठत."

"झोरा, चौथी कुठे जाते ते बघायला नको?"

"चौथी कुठे जायची ते मला ठाऊक आहे. तू चांगलं जोखलंस, हॅल्वर. आता पुरे. जोखून जोखून मूस संपायचा नाही, गोळ्या संपतील."

ती तशीच बसून राहिली आणि हॅल्वर बर्फात उभा राहून तिच्याकडे बघत राहिला. शेवटी रूडी थंडीने कुडकुडत म्हणाला, "दाजी, तिला मी लहानपणापासून ओळखतो. आमच्या घरात एकदा ती अशी ट्रंकेवर बसली होती. दोन दिवस. चला."

शनिवारी तिघे गेले आणि रिकामे आले. रविवारी पुन्हा गेले. शेवटचा दिवस. मी टेबलावर एकटा. घड्याळ चालत होते. आयुष्यभर मी वजन तोलले, पण वाट बघण्याचे वजन किती असते ते मला त्या दिवशी कळले, आणि त्याला माझ्या दांडीवर खाच नव्हती.

संध्याकाळी मोटारीची दारे वाजली. पहिल्यांदा रूडीचा आवाज आला, आणि तो आवाज ऐकूनच मी ओळखले. सगळी हकिगत बूट काढता काढता बाहेर पडली. नदीकाठच्या विलोच्या झाडीत मूस उभा होता. किती दूर? तीनशे वार? दोनशे? छे! चाळीस पावलांवर.

"आणि दाजी तिच्या कानात वारा सांगतायत!" रूडी म्हणाला. "चाळीस पावलं! मी बूट फेकून मारला असता!"

"मी त्याला म्हटलं, गप्प बस," झोरा म्हणाली. "मग मी मारली. एकच."

मूस दहा पावले चालला, थांबला आणि गुडघ्यांवर बसला, जसा झोपायला बसतो तसा. पुन्हा उठला नाही. हॅल्वर त्याच्यापाशी गेला, हातमोजा काढला आणि त्याच्या मानेवर हात ठेवून कितीतरी वेळ तिथे राहिला.

"मला वाटलं नाडी बघतोय," झोरा म्हणाली. "म्हटलं, हॅल्वर, काय झालं? तर म्हणतो, लगेच. लगेच गेला हा. बस्स, एवढंच. आणि रडायला लागला, खुळा."

हॅल्वर चुलीपाशी बसून बुटाच्या नाड्या सोडत होता. पण बूट तर त्याने केव्हाच काढून ठेवले होते.

दोन दिवसांनी मांस कापताना पलीकडच्या बाजूच्या कातड्याखाली झोराला गोळी सापडली. छत्रीसारखी उघडलेली, चार पाकळ्यांची. तिने ती धुतली, एप्रनला पुसली आणि कधी नव्हे ते स्वतःच्या हाताने माझ्या पारड्यात ठेवली.

"सांग," ती म्हणाली. "किती राहिली?"

हॅल्वरने चष्मा लावला. मोठे वजन सरकवले, मग धाकटे. दोन म्हातारी डोकी माझ्या सुईसमोर वाकली. माझी सुई थरथरली.

"श्वास धर," हॅल्वर म्हणाला.

"धरलाय."

"नाही धरलास. हलतंय."

"तूच सोडतोयस. मुसासारखा."

"झोरा, एक मिनिट. एकच मिनिट गंभीर हो."

ती गंभीर झाली. ती इतकी गंभीर झाली की तिच्या नाकातून आवाज निघाला, आणि माझी सुई वर उडाली. मग हॅल्वरलाही हसू आले, आणि मग त्या सुईची काही धडगत राहिली नाही. मी वर, मी खाली, मी पुन्हा वर. तीनदा त्यांनी पुन्हा सुरुवात केली. तीनदा झोराने तोंडावर एप्रन धरला. शेवटी हॅल्वरने डोळे पुसले, वही ओढली आणि पेन्सिलने लिहिले. तारीख लिहिली, रायफल लिहिली, अंतर चाळीस पावले. आणि वजनाच्या रकान्यात लिहिले, "तोलता आले नाही. झोरा हसत होती."

वहीतली ती एकमेव ओळ आहे जिथे आकडा नाही. मला विचाराल तर सगळ्या वहीत तेवढीच नोंद पक्की आहे.

तर मित्रांनो, तुमच्या घरीही एखादा काटा असेल. वाण्याचा, सोनाराचा, नाहीतर दवाखान्यातला. त्याचे पारडे वरून पुसता तसे खालूनही पुसत जा. तोलण्यापूर्वी त्याला शून्यावर आणा, आणि शून्य हलले तर थंडीला दोष देण्याआधी एकदा उलटे करून बघा. त्याने चूक केली तर लगेच बरण्यांमागे टाकू नका. कोमट पाणी पुरेसे असते. आणि सगळे स्वच्छ असून, सगळे सरळ असूनही सुई ठरत नसेल, तर मान वर करून समोर कोण आहे ते पाहा. कुणी हसत असेल तर तोलणे थांबवा. वजन काही पळून जात नाही.